पूर्ण प्रीती भीती घालवून देते, तर माझी भीती का जात नाही?

कृष्णाकाठची (सांगली)

सर्वांना सलाम. हा प्रश्न बरेच दिवस मनात आहे, परंतु तो कोणापुढे मांडावा हे कळत नव्हते. मंडळीत (चर्चमध्ये) विचारावा तर ‘हिचा विश्वास कमी पडतो’ असे लोकांना वाटेल, आणि शेजारी विचारावा तर त्यातील बायबलमधील वचनाचा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही, म्हणून शेवटी येथे लिहीत आहे. थोडे लांबेल, क्षमा असावी.

आम्ही कर्नाळ रस्त्याच्या बाजूला, सखल भागात राहतो. घर दुमजली आहे. २००५ च्या महापुरात पाणी आमच्या वरच्या मजल्याच्या चार पायऱ्या खाली थांबले होते, आणि सासरे असेपर्यंत ती पायरी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असत. त्या पायरीच्या भरवशावर २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सामान वर चढवून घरातच थांबलो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले आणि वरच्या खोलीत आमच्या पायाला लागले. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि मुलगा चार वर्षांचा होता. सासूबाईंना चादरीच्या झोळीत घालून गॅलरीतून होडीत उतरवताना एक टोक माझ्या हातात होते, आणि ते निसटत आहे असे जे मला वाटले ते अजूनही अधूनमधून झोपेत वाटते. ते निसटले नाही. सासूबाई त्यानंतर दोन वर्षे जगल्या आणि त्यांच्या वेळेने, शांतपणे गेल्या.

तेव्हापासून जून लागला की माझे मन ठिकाणावर राहत नाही. कोयनेतून किती विसर्ग सोडला, कराडला पाणी किती, आयर्विनला किती, हे मी दर अर्ध्या तासाने मोबाईलवर पाहते. रात्री दोनला आणि चारला उठूनही पाहते. जे पाणी मला झोपू देत नाही ते कराडला ज्या संगमावरून येते त्याचे नाव प्रीतिसंगम आहे, हे एका रात्री लक्षात आले आणि हसू आले, पण झोप आली नाही. २०२१ च्या जुलैत नदीने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा आम्ही वेळेत विश्रामबागला नातेवाइकांकडे गेलो होतो आणि आमचे काहीही बिघडले नाही, तरीही भीती कमी झाली नाही. आता तर मुलगा दहा वर्षांचा आहे आणि पावसाळ्यात उठल्या उठल्या, दात घासण्याच्याही आधी, ‘आई, आज किती फूट?’ असे विचारतो. ते ऐकले की मला स्वतःची लाज वाटते.

मागच्या महिन्यात उपासनेत पाळकसाहेबांनी योहानाच्या पहिल्या पत्रातील चौथ्या अध्यायावर उपदेश केला. ‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते.’ उपदेश चांगलाच होता, पण घरी येताना माझ्या मनात सरळ हिशेब झाला, की भीती गेलेली नाही, त्या अर्थी माझी प्रीती पूर्ण नाही. आधी फक्त पाण्याची भीती होती, आता प्रभूपुढे आपण कमी पडतो याचीही भर पडली. त्यातच २०१९ च्या पुरानंतर ओळखीच्या एका वडीलधाऱ्या माणसाने ‘हे देवाचे शासन आहे, घरोघरी विचार करायला हवा’ असे म्हटले होते, ते पुन्हा वर आले. हे वचन माझ्यासारख्या बाईने कसे वाचावे? ही पूर्ण प्रीती नेमकी कोणाची? आणि मुलाला मी भीतीचा हा वारसा देत आहे, तो कसा थांबवावा?

खडकावरचे घर

भगिनी, आपला प्रश्न वाचला. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. जेथे विश्वास आहे तेथे भीतीला जागा नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल सांगतो, की देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, तर सामर्थ्याचा, प्रीतीचा व संयमाचा आत्मा दिला आहे. पवित्र शास्त्रात ‘भिऊ नका’ हे ३६५ वेळा आले आहे, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा. आपण तीन दिवस उपवास-प्रार्थना करावी, मोबाईल बाजूला ठेवावा आणि भीतीला प्रभूच्या नावाने धमकावून घालवून द्यावे. मी स्वतः असे केले आहे आणि मला गुण आला आहे.

निवृत्त मास्तर (मिरज)

कृष्णाकाठच्या ताई, सलाम. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि अधूनमधून मंडळीत उपदेशाला उभा राहतो. पाळक नाही, त्यामुळे मी लिहितो ते एका वाचकाचे म्हणणे समजावे.

आपण ज्या वचनापाशी अडलात त्याच्या पुढचा तुकडा उपदेशात बहुधा घाईने वाचला जातो. आपल्या जुन्या मराठी भाषांतरात तो असा आहे : ‘भीतीमध्ये शासन असते.’ आज शासन म्हटले की आपल्यापुढे सातबारा, मंत्रालय आणि गोल शिक्का उभा राहतो, त्यामुळे हे वाक्य कानावरून घरंगळून जाते. परंतु येथे शासन म्हणजे शिक्षा. मूळ ग्रीकमध्ये ‘कोलासिस’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ शिक्षा, दंड असाच आहे. त्याच्या आधीचे, सतरावे वचन न्यायाच्या दिवसाविषयी बोलते : त्या दिवशी आपल्याला धैर्य असावे म्हणून प्रीती आपल्या ठायी पूर्ण झाली आहे. म्हणजे योहान ज्या भीतीविषयी लिहीत आहे ती नदीची, सापाची, आजाराची किंवा परीक्षेच्या निकालाची भीती नव्हे. देव आपल्याला शिक्षा करण्यासाठी टपून बसला आहे, आज ना उद्या तो आपल्याला धरणार, ही ती भीती आहे. पुराच्या वेळी छातीत जे धडधडते त्याची ही परीक्षा नाही, आणि कोणी त्या वचनाचा तसा उपयोग केला तर तो योहानाच्या पत्रावर अन्याय आहे.

आता आपला दुसरा प्रश्न, प्रीती कोणाची. त्याच अध्यायात दहाव्या वचनात लेखक आधीच सांगून टाकतो, की आपण देवावर प्रीती केली यात प्रीती नाही, तर त्याने आपल्यावर प्रीती केली यात आहे. आणि एकोणिसाव्यात पुन्हा सांगतो, की पहिल्याने त्याने प्रीती केली म्हणून आपण करतो. मध्ये अठरावे वचन बसले आहे. दोन्ही बाजूंनी देवाच्या प्रीतीची गोष्ट चालली असताना मधल्या एका ओळीत एकाएकी ‘तुमची प्रीती किती टक्के भरली ते मोजा’ असे कसे निघेल? शाळेत आम्ही मुलांना कर्ता शोधायला लावत असू. या वाक्यात घालवून देणारी कोण आहे? प्रीती आहे. भीती बाळगणाऱ्या माणसाला ‘तू घालवून दे’ अशी आज्ञा त्यात नाही. अठराव्या वचनाच्या शेवटी ‘भीती बाळगणारा प्रीतीमध्ये पूर्ण झालेला नाही’ असे आहे, हे मला ठाऊक आहे आणि ते मी लपवत नाही; पण जो अजून पूर्ण झालेला नाही त्याला हाकलून द्या असेही तेथे नाही. तो अजून वाटेत आहे, एवढेच त्यात आहे, आणि वाटेत तर आपण सगळेच आहोत.

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांविषयी. नेमकी तीच भीती घालवण्यासाठी हे वचन लिहिले गेले, जी त्यांनी आपल्या घरात आणून ठेवली. कोयना-कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात आठवडाभरात प्रचंड पाऊस पडला, धरणे भरली, विसर्ग वाढवावा लागला आणि पाणी सखल भागात शिरले. ते मंडळीतील लोकांच्या घरात शिरले तसेच देवळांत, मशिदींत आणि दुकानांतही शिरले. लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली त्याची गोष्ट निघते, तेव्हा ती माणसे इतर यरुशलेमकरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न येशू स्वतःच करतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. ते गृहस्थ पुन्हा भेटले तर त्यांना हा अध्याय वाचायला द्यावा. न दिला तरी चालेल. काही माणसांना अध्याय देऊन उपयोग होत नाही.

‘खडकावरचे घर’ यांनी जे लिहिले त्यामागील तळमळ खरी आहे, पण दोन गोष्टी लिहाव्या लागतात. तीमथ्याच्या पत्रातील शब्द भित्रेपणाचा आहे, साध्या भीतीचा नाही; सुवार्तेसाठी आणि तुरुंगातील पौलासाठी उभे राहताना तीमथ्याने लाजू नये, मागे सरू नये, असा तो संदर्भ आहे. जो पौल हे लिहितो तोच करिंथकरांना सांगतो, की मी तुमच्याजवळ अशक्त, भयभीत आणि कापत होतो. दुसरे म्हणजे ३६५ चा आकडा मीही लहानपणापासून ऐकत आलो आणि निवृत्तीनंतर रिकामपण होते म्हणून शब्दसूची घेऊन मोजायला बसलो. तो आकडा काही केल्या जमत नाही. पुष्कळ वेळा आले आहे हे खरे, आणि पुष्कळ हे पुरेसे आहे.

शेवटी, गालील समुद्रातील वादळ. मार्काने सांगितलेल्या त्या प्रसंगात शिष्य ‘आम्हाला भीती वाटते’ असे म्हणतच नाहीत. ते म्हणतात, ‘गुरुजी, आपण बुडत आहोत, याची आपल्याला काळजी वाटत नाही काय?’ भीतीच्या पोटात बहुधा हाच प्रश्न असतो, की आपली कोणाला पर्वा आहे की नाही. आणि मार्काने क्रम पाहा कसा ठेवला आहे : येशू आधी उठून वाऱ्याला धमकावतो, समुद्र शांत होतो, आणि मगच ‘तुम्ही असे भित्रे का?’ असे विचारतो. त्यांचा विश्वास पुरा होईपर्यंत त्याने मदत अडवून धरली नाही. मत्तयात हा क्रम उलटा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगतो. मला स्वतःला मार्काचा अधिक धीर वाटतो.

खडकावरचे घर

मास्तर, आकड्याविषयी आपले म्हणणे मान्य. परंतु गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, प्रभूने आपली इच्छा पित्याच्या इच्छेपुढे ठेवली आणि तेथे भीती संपली, हे तर आपण मान्य कराल. आपल्याला तेवढेच करायचे आहे.

निवृत्त मास्तर (मिरज)

मान्य करतो, पण त्याच बागेतील आधीचा भाग गाळून नव्हे. मार्क लिहितो, की तो अत्यंत अस्वस्थ व कष्टी होऊ लागला. लूकमध्ये घाम रक्ताच्या मोठ्या थेंबांसारखा पडत होता असे आहे. मार्क आणि मत्तय यांच्या मते त्याने तीच प्रार्थना तीनदा केली, आणि तीन मित्रांना ‘येथे जागे राहा’ असे सांगून जवळ ठेवले. ते झोपले, ही वेगळी गोष्ट. ज्याच्या ठायी प्रीती पूर्ण होती असे आपण मानतो त्याला त्या रात्री सोबत हवीशी वाटली, तर या ताईंना वाटण्यात कमीपणा कसला?

मिरजेची सिस्टर

ताई, वचनाचे मास्तरांनी सांगितले आहे. मी वॉर्डातले सांगते. मी अठ्ठावीस वर्षे नर्स आहे.

माझी आजी वानलेसवाडीला क्षयरोग्यांच्या वॉर्डात आया होती. क्षयावरचे औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ साली, आणि आपल्याकडच्या साध्या रोग्यापर्यंत ते पोहोचायला पुढे आणखी काही वर्षे गेली. त्याआधी क्षयरोग्याची सेवा म्हणजे मोकळी हवा, दूध-अंडी, विश्रांती आणि प्रार्थना. आजीला त्या रोगाची भयंकर भीती वाटत असे, कारण घरी तिची चार मुले होती. ती कामावरून आली की परसात बंब पेटवून आधी लुगडे सोड्यात उकळायची, अंघोळ करायची आणि मगच धाकट्याला जवळ घ्यायची. तिची मुले तिच्यासाठी रडत असली तरी हा नेम तिने मोडला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन, ज्यांच्या घरचे लोक दारापाशी डबा ठेवून परत जात, त्यांना ती शेजारी बसून भरवायची. आमच्या घरात तिची आठवण ‘निर्भय बाई’ अशी कोणी काढत नाही. भीती असलेली बाई म्हणूनच काढतात. फक्त तिची भीती लुगडे उकळण्यापुरती होती आणि भरवण्याच्या हाताला ती शिवत नव्हती. कोविडच्या पहिल्या वर्षी पीपीई किट घालताना माझे हात थरथरत होते, तेव्हा मला वचनाच्या आधी आजीचा तो सोड्याचा वास आठवला.

आपण लिहिले आहे, की झोळीचे टोक निसटत आहे असे अजूनही झोपेत वाटते. एखादा प्रसंग पुन्हा पुन्हा तसाच जिवंत होणे, दोनला आणि चारला जाग येणे, पुनःपुन्हा तपासून पाहणे, आणि हे एकदोन महिने नव्हे तर सहा वर्षे चालणे, याला वैद्यकशास्त्रात नाव आहे आणि उपचारही आहेत. मोठ्या आपत्तीनंतर पुष्कळ लोकांना असे होते. कृपया मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटावे. त्याआधी नुसते बोलायचे असेल तर शासनाची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे (मास्तर, हे मंत्रालयाचेच शासन). मंडळीतील काही जणांना डॉक्टरकडे जाणे म्हणजे विश्वास सोडणे वाटते. मला ते कधीच कळले नाही, कारण आपल्या मिरजेत मिशनचे नाव ज्याच्यामुळे झाले तो डॉक्टर वानलेस औषधाची पेटी घेऊनच येथे आला होता आणि १८९४ साली त्याने येथे रुग्णालय उभारले.

मुलाविषयी. त्याला ‘घाबरू नकोस’ असे सांगू नका, कारण तो तुमच्या तोंडाकडे नाही, हातातल्या मोबाईलकडे पाहतो. त्याला काम द्या. पातळी दिवसातून दोनदाच, ठरलेल्या वेळी, त्यानेच पाहावी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. बाकी वेळ ती कोणीच पाहायची नाही. सुरुवातीला तुम्हाला फार जड जाईल, मुलाला कमी जाईल. आणि तुमच्या गल्लीत तुमच्याहून अधिक अडचणीत येणारे कोण आहे, याचा एकदा दोघांनी मिळून विचार करा. एकटे राहणारे म्हातारे माणूस, बाळंतीण, कोणीही. वॉर्डात नवीन मुलगी घाबरून उभी राहिली, की आम्ही तिला उपदेश करत नाही, एका पेशंटचा हात तिच्या हातात देतो. दर वेळी काम होते असे म्हणणार नाही, पण बहुतेक वेळा होते.

हरिपूरकर

नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, आमचे घराणे वारकरी आहे, परंतु वारणा जेथे कृष्णेला मिळते तेथेच आमचा वाडा असल्यामुळे या प्रश्नावर बोलण्याचा थोडा हक्क आहे असे समजतो.

पाण्याची भीती घालवू नये, असे मला स्पष्टपणे वाटते. २०१९ ला ज्यांना भीती वाटली ते आदल्या दिवशी गुरे सोडून, धान्य हलवून बाहेर पडले. आमचे चुलते अजिबात भीत नसत. ‘कृष्णामाई आपल्याला काय करणार’ म्हणून बसून राहिले आणि शेवटी त्यांच्यासाठी दुसऱ्या चौघांना जीव धोक्यात घालावा लागला. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला होडी उलटून माणसे बुडाली, ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. तेव्हा माझी सूचना व्यवहाराची आहे. भीतीला आकडा द्यावा. आम्ही घरात ठरवले आहे, की आयर्विनला ३० फूट झाले की सामान वर आणि ३५ झाले की माणसे व जनावरे बाहेर, मग पाऊस थांबलेला असो वा नसो, यात कोणी वाद घालायचा नाही. आकडा ठरल्यावर रात्री उठून बघायची गरज पुष्कळच कमी होते, कारण ‘आता काय करायचे’ हा प्रश्न शिल्लक राहत नाही. तुमच्या घराच्या उंचीप्रमाणे तुमचा आकडा वेगळा येईल. आणि कोणत्याही जुन्या पायरीवर विसंबू नये, हे तुम्हाला मी सांगायला नको.

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा)

ही चर्चा वाचताना मला सारखी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येत होती, ती येथे लिहितो. विषयाला सोडून वाटल्यास दुर्लक्ष करावे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक मिशनची नोकरी सोडून १९१७ साली आमच्या साताऱ्यात आले, येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली आणि १९१९ साली ते वारले, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण भीतीच्या दृष्टीने मला लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ अधिक जवळची वाटतात. त्यांची सुरुवात आठवून पाहा. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्यानंतर त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके वाढले, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घेतला जात नसे. लक्ष्मीबाई हे सगळे विनोदाने सांगतात, त्यामुळे आपण हसत पुढे जातो. मला मात्र त्यात एक घाबरलेला माणूस दिसतो, ज्याच्या हातांनी भीतीला एक काम शोधून दिले आणि मग ते हात थांबेनात. ताई दर अर्ध्या तासाने पातळी पाहतात हे वाचले, तेव्हा ते धुणे आठवले.

अशा घरातून आलेल्या लक्ष्मीबाईंच्या पतीने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचा स्वतःचा झाला १९०० साली. मधली पाच वर्षे काय होती हे त्यांनी लिहून ठेवले आहे. ताटातूट होती, लोकांची बोलणी होती, जात जाण्याचे भय होते. ते भय एका व्याख्यानाने गेले नाही. शिवाशिव त्यांच्या हातून टप्प्याटप्प्याने सुटली, काही वेळा तर पुन्हा मागे येऊन. पुढे त्याच बाईंचे घर परक्या, अनाथ मुलांनी भरून गेले. वडिलांचा सोवळ्याचा वारसा त्यांच्यापर्यंत आला होता, पण त्यांच्यापुढे गेला नाही. ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर मी हे एक घर दाखवीन.

मास्तरांना एक विचारायचे आहे. ‘परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा प्रारंभ’ असे नीतिसूत्रांत आहे. मग भय घालवायचे की धरायचे?

निवृत्त मास्तर (मिरज)

थोडक्यात सांगतो. तेथे भय म्हणजे आदर, धाक नव्हे. माझ्या वडिलांपुढे मी कधी बिडी ओढली नाही. ते मारतील म्हणून नव्हे, मारायचे तर त्यांनी मी सातवीत असतानाच सोडले होते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांविषयीचे निरीक्षण मात्र मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. शाळेत त्यातील उतारे कित्येकदा शिकवले आणि प्रत्येक वेळी मुलांबरोबर हसलो.

कृष्णाकाठची (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण काही करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

सर, ‘शासन’ या शब्दाविषयीचे वाचून मी तो अध्याय पुन्हा सुरुवातीपासून वाचला. सहा वर्षे माझ्या मनात दोन भीती एकमेकींत गुंतून बसल्या होत्या हे तेव्हा कळले. पाण्याची एक, आणि पाणी माझ्याच कुठल्यातरी चुकीमुळे आले, पुन्हा येईल ते त्यासाठीच येईल, ही दुसरी. दुसरी मी कधी शब्दांत आणली नव्हती. झोळीचे टोक माझ्या हातात होते म्हणून असेल. ती आता बरीच सैल झाली आहे. पूर्ण गेली असे लिहिणार नाही. पाण्याची आहे तशीच आहे. ‘खडकावरचे घर’ यांनी सांगितलेली प्रार्थनाही मी केली, उपवास एकच दिवस जमला. प्रार्थनेत मी भीतीला धमकावले नाही, ‘मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन’ हे छप्पन्नाव्या स्तोत्रातील वचन म्हटले, कारण त्यात भीती वाटणार हे धरूनच चालले आहे.

सिस्टर, डॉक्टरांकडे जाऊन आले. दुसरी भेट पुढच्या आठवड्यात आहे. त्यांनी झोपेविषयी बरेच विचारले आणि घाई केली नाही. पातळी सकाळी सात आणि रात्री नऊ अशी मुलगा पाहतो व कॅलेंडरवर लिहितो. मी पहिल्या आठवड्यात चार वेळा चोरून पाहिली, त्यातील दोनदा त्याने मला पकडले.

हरिपूरकर, आमचा आकडा २८ ठरला आहे. तो कॅलेंडरच्या वर लाल पेनाने लिहून ठेवला आहे.

आमच्या समोर तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात. मुलगा पुण्याला असतो. २०१९ ला त्यांना कोणी आणि कधी बाहेर काढले हे मला आजवर माहीत नव्हते. इतकी वर्षे मी आपल्याच जिन्याकडे पाहत होते. परवा आम्ही दोघे त्यांच्याकडे जाऊन बसलो आणि २८ फुटांना तुम्ही आमच्याबरोबर विश्रामबागला यायचे, असे सांगितले. त्यांनी आधी नको म्हटले, मग देव कुठे ठेवायचे ते विचारले. मी म्हटले, देव्हारा पिशवीत नीट बांधून बरोबर घेऊ. मग त्यांनी मांजराचे विचारले, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

आता मुलगा पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडत आहे. काल सकाळी त्याने कॅलेंडरवर ‘१९ फूट’ लिहिले, मला सांगितले नाही, आणि तसाच समोर मांजर खोक्यात बसते का ते पाहायला गेला. सिस्टर, मांजर खोक्यात अजिबात बसत नाही. कोणाला काही उपाय माहीत असल्यास कळवावा.

हरिपूरकर

खोक्यात आजींचे जुने लुगडे घालून ते आठ दिवस आजींच्या कॉटखाली उघडेच ठेवावे. आमचे बसले होते.